पंख्याच्या हुकाला माटोळी

"अहो, स्टूल हालता! पडशात!"

मी खाली स्टूल धरून ओरडत होते आणि हे वर चढून पंखा काढत होते. आमच्या घराच्या स्लॅबला हूक एकच, तोही पंख्याचा. सरकारने घरं बांधली तेव्हा गणपतीच्या डोक्यावरची माटोळी टांगायची कुठे, हा विचार करायला कुणाला वेळ होता? जुन्या घरी वासेच वासे. नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, कवंडळं, रानातून काय काय आणायचं आणि लाकडी चौकटीला बांधून वर चढवायचं. इथे पंखा खाली आला तेव्हा कुठे देवाची माटोळी वर गेली. उकाड्याने जीव चालला होता, पण म्हटलं, जाऊ दे. पाच दिवसांचा तर प्रश्न.

आमच्या वसाहतीला सरकारी कागदावर चांगलं लांबलचक नाव आहे. गावात म्हणतात फुकटवाडो. बसचा कंडक्टरसुद्धा बिनदिक्कत ओरडतो, "फुकटवाडो कोण आसा? उतरा!" फुकट! एका पावसाळ्यात खाणीच्या मातीचा ढिगारा घसरून आमच्या वाड्यावर आला. माझं घर, चौदा माड, परसातली विहीर, सगळं तासाभरात गेलं. बदल्यात एक खोली आणि एक स्वयंपाकघर मिळालं. आणि तरी साखळीच्या बाजारात शांताराम दुकानदाराची बायको शांता चार बायकांत म्हणते, "तुमचा बरा गो, बसल्या जाग्यार घर!" पाववाला पोदेरसुद्धा व्हाळाच्या, मधल्या ओढ्याच्या, पलीकडे उभा राहून भोंगा वाजवतो. पाव हवे तर आम्ही धावायचं.

आणि आमचे हे! यशवंत नाव, पण यश कधी तोंडावर दिसलं नाही. खाणी चालू होत्या तेव्हा ट्रक चालवायचे, आता मोपाला विमानतळावर लोकांच्या सामानाच्या ट्रॉल्या गोळा करतात. कुणी काही बोललं तर हसून खाली बघायचं, एवढंच येतं. पण घुमटावर थाप पडली की हा माणूस वेगळाच. मातीचं ते मडकं, तोंडावर कातडं, पण ह्यांच्या हाती आलं की बोलतं. सगुणबाबांच्या आरतीच्या मेळात एकोणीस वर्षं हेच वाजवतात. चवथीपासून रोज संध्याकाळी मेळ एकेका वाड्यावर दारोदार जातो, गणपतीपुढे आरत्या म्हणतो. गावातलं एक घर राहत नाही.

राहतं ते आमचं. वसाहतीत आल्यापासून सहा वर्षं मी सगुणबाबांना घरी या म्हणत होते, आणि सहा वर्षं एकच उत्तर. "वयनी, तुमच्याकडे गणपती खंय आसा?" तेही खरंच होतं. आम्ही ह्यांच्या चुलतभावाकडे, सावंतवाडीला, सकाळच्या पूजेला जायचो आणि संध्याकाळच्या मेळाला परत यायचो. वसाहतीतले सगळेच असे कुणाच्या ना कुणाच्या घरी जातात.

म्हणून यंदा मी मूर्ती आणली. बेचाळीस घरांतली पहिली. मग सगुणबाबांच्या घरी गेले. त्यांनी मला अंगणातच उभी ठेवली. म्हटलं, "यंदा गणपती आसा हां सगुणबाब. आता येतलात मरे?"

"बघूया गो," म्हणाले. "यशवंत आमचोच मनीस."

मला तेवढंच पुरलं. वेडी मी.

चवथीला खोबऱ्याचं सारण भरून तीस माणसांच्या नेवऱ्या तळल्या. काळ्या वाटाण्यांची उसळ केली. शेजारच्या भाग्यलक्ष्मीने आपल्या ताटल्या आणून दिल्या. त्या दिवशी वसाहतीत होती नव्हती ती सगळी माणसं आमच्या दारात जमली. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या. कुणी न सांगता कुणीतरी व्हाळापासून आमच्या दारापर्यंत रस्ता झाडून टाकला.

"येतले मगो?" भाग्यलक्ष्मी दर दहा मिनिटांनी विचारत होती.

"येतले गो! आयक, शांतारामाकडे पावले."

शांतारामाचं घर व्हाळाच्या अगदी पलीकडे, गावातलं शेवटचं. तिथून घुमट ऐकू येत होतं. त्या थापा मी झोपेतसुद्धा ओळखीन. मी समईत तेल घातलं, कापूर ताटात ठेवला, पदर सारखा केला. आरती संपली. गजर झाला. मग मोटारसायकली चालू झाल्या आणि आवाज लांब गेला.

दारातली माणसं व्हाळाकडे बघत उभी राहिली.

हे एकटेच आले, काखेत घुमट घेऊन.

"काय झाला?"

"उशीर झालो म्हणतत. पोरांका भूक लागली."

"आणि ही माणसां हय उपाशी रवली ती? तुमी काय म्हटलात?"

"मी काय म्हणतलंय?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "एकोणीस वर्षां त्यांच्या दारात हात बडवलात आणि आज तोंडातसून एक शब्द फुटलो नाय? मगे कशाक माका ह्यो गणपती आणूक दिलात?" बायका एकेक करून निघून गेल्या. भाग्यलक्ष्मीने जाताना ताटल्यांकडे पाहिलंही नाही. हे खाली बघत बसले. मग म्हणाले, "शांताराम म्हणालो, थंय नको. थंय चपला काढल्यार परत मिळाची नाय."

मी ताटातला कापूर परत डबीत ठेवला.

"सगळे हसले," हे म्हणाले. "मी पण हसलंय."

राग कुठे ठेवावा ते कळेना. हे उठले, स्टूल ओढलं आणि वर चढले. मला वाटलं, माटोळीतला नारळ सैल झाला असेल. पण ह्यांनी घुमटाच्या गळ्याला सुतळी बांधली आणि ते आंबाड्यांच्या आणि कवंडळांच्या मधोमध टांगलं. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"अहो, मगे उद्या काय वाजवतलात?"

ह्यांनी सुतळीचं उरलेलं टोक दातांनी तोडलं. खाली स्टूल मी धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुद्द सगुणबाब आले. फुकटवाड्यात पहिल्यांदाच. दाराबाहेर चपला काढल्या, काढता काढता इकडेतिकडे पाहिलं. मी ते बघितलं.

"यशवंता, चल बेगीन. आज वयल्या वाड्यार सतरा घरां. तुझ्याशिवाय जमाचा नाय. घुमट खंय?"

ह्यांनी वर बोट दाखवलं.

सगुणबाब वर बघतच राहिले. "अरे, सोड मगे."

"माटोळीक बांधलेला विसर्जनाआधी सोडनत नाय, सगुणबाब. तुमका खबर आसा."

"अरे, पण देवाचा काम ता!"

"हय पण देवच बसलो आसा," हे म्हणाले. आवाज चढवला नाही. आणि खाली बघितलं नाही. संसार केला तेवढ्या वर्षांत मी प्रथमच बघितलं.

आलेल्या माणसाला रिकाम्या हाती पाठवू नये म्हणून मी दोन नेवऱ्या कागदात बांधून दिल्या. सगुणबाबांनी त्या घेतल्या, देवाला हात जोडले आणि बाहेर पडले. माझी जीभ काही राहिली नाही.

"चपला बघून घेयात हां, सगुणबाब. दोनूय आसत ना?"

त्यांना स्कूटर चालू व्हायला तीनदा लाथ मारावी लागली.

संध्याकाळी वरच्या वाड्यावरून आरती ऐकू आली. नुसती झांज आणि माणसांचे आवाज. मधेच कुठेतरी लय चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. हे माटोळीखाली भिंतीला टेकून बसले होते. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. त्यांची बोटं मांडीवर वाजत होती, बरोबर जिथे चुकलं तिथे.

मी त्यांच्या बाजूला बसले आणि वर्तमानपत्राची घडी करून वारा घालत राहिले.