माझ्या पोटात जिप्सम झालं तेव्हा

मी एक जुना निळा ड्रम आहे. चिकलठाण्याच्या कारखान्यातून निघालो तो थेट फुलंब्रीजवळ, साहेबरावांच्या शेतात. ठिबकचं खत माझ्याच पोटात कालवतात. नऊ वर्षं झाली. अद्रक तरारली की साहेबराव माझ्यावर थाप मारत. तेवढ्यावर मी खूश.

कालवायचं काम मात्र द्वारकाबाईंचं, त्यांच्या पत्नीचं. सोमवारी कॅल्शियम नायट्रेट, गुरुवारी मॅग्नेशियम सल्फेट. मध्ये मला धुऊन नुसतं पाणी सोडायचं. साहेबरावांना ते बायकी सोवळं वाटे.

यंदा मे महिन्यात बाई लेकीच्या बाळंतपणाला हर्सूलला गेल्या. साहेबरावांना कंपनीतल्या ड्युटीची घाई, लाईट दोनच तास. त्यांनी दोन्ही पिशव्या एकदम माझ्यात रिकाम्या केल्या.

मित्रांनो, मी हबकलोच. नितळ पाणी बघता बघता ताकासारखं पांढरं झालं.

सल्फेट म्हणजे गंधकाचा एक अणू आणि ऑक्सिजनचे चार. पाच जणांचं बिऱ्हाड, पाण्यातही मोडत नाही. सगळ्यांचा मिळून ऋण प्रभार दोन. नायट्रेटच्या बिऱ्हाडाकडे एकच, म्हणून कॅल्शियमला असे दोन लागतात. पाण्यात पडताच हे जोडीदार एकमेकांपासून सुटे झाले. कॅल्शियमचा धन प्रभार दोन, त्याला समोर सल्फेट भेटला. एकास एक जमलं आणि अशी घट्ट मिठी बसली, की पाण्यालाही सोडवेना. जिप्सम झालं! तेच नळ्यांत गेलं आणि ठिबकची भोकं बुजली.

चौथ्या दिवशी कोंब करपलेले दिसले. साहेबरावांनी नळ्यांत क्षार काढायचं ॲसिड सोडून पाहिलं. जिप्सम जागचं हललं नाही.

बाई धावत आल्या. माझ्या तळाचा गाळ त्यांनी बोटांत चोळला.

"दोन्ही संगंच ओतलं व्हय?"

"उशीर होत होता गं. पाण्यात काय, समदं विरघळतंय म्हटलं."

"नऊ वर्षं मी इथं नुसती काठी फिरवती, असंच वाटलं ना तुम्हाला?"

साहेबरावांनी रजा टाकली. दोघांनी तीन दिवस पाईप धरून सरी-सरीला पाणी दिलं. अर्धा एकर जगला, अर्धा गेला.

आता शेजारी सल्फेटसाठी दुसरा ड्रम आहे. मित्रांनो, आम्हाला वेगळं ठेवा, धुवा, एवढंच मागणं. आणि कालवणाऱ्या बाईला आधी विचारा. साहेबराव हल्ली विचारतात. पिशवी हातात घेऊन, बांधावर उभे राहून, अगदी हळू आवाजात.