पात्याची पूजा

माणूस चुकणारच, तेव्हा यंत्रच असं करावं की त्याला चुकायला जागा उरू नये, असा मुख्तारचा हेका होता. जळगावच्या एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात तो वीस वर्षं फिटर. जुन्या चटया बारीक करणाऱ्या मशीनने एका कामगाराची दोन बोटं घेतली, तेव्हा मालकांनी ‘सावधान’ अशी पाटी लावली आणि हात झटकले. मुख्तारचा पाट्यांवर काडीचा विश्वास नव्हता. त्याने झाकणाखाली स्विच बसवला. झाकण उचललं की दाबलेलं बटण सुटायचं आणि पातं जागच्या जागी थांबायचं.

सहा वर्षं त्या मशीनवर कोकिळा होती. पट्टी अडकली की झाकण उचलायची, हात घालून ओढून काढायची, पुन्हा झाकण लावायची. आत बघायची तिला गरजच पडेना. मुख्तारला त्याचा कोण अभिमान!

खंडेनवमीला मशीनींची पूजा झाली. मालक भूपेंद्रशेठ यांना नारळ फोडल्यावर पातं फिरताना दिसायला हवं होतं, वर्षाचा शकुन म्हणून. “झाकणाला काय कुंकू लावायचं? पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे,” ते म्हणाले. मुख्तारने बटण दाबून त्याला तारेचा वेढा मारला. पातं उघड्यावर गरगरलं, सगळ्यांनी हात जोडले. मग शेठनी मानाचा नारळ मुख्तारच्या हाती दिला, कुणी फोटो काढला, आणि गडी असा फुलला की तार तशीच राहिली.

दसऱ्याची सुट्टी संपली. सकाळच्या पाळीतच पट्टी अडकली. कोकिळाने झाकण उचललं आणि नेहमीसारखा हात घातला. भोवती दहा मशीनींचा खडखडाट. पातं फिरतंय हे कानाला कळणार तरी कसं?

मुख्तारनेच तिला रिक्षात घातलं. तार त्याला रिक्षात आठवली. 

दुपारी ती शुद्धीवर आली. उजवा हात मनगटापासून गेला होता. “बाई, जरा बघायचं होतं,” असं म्हणून शेठ निघून गेले. कागदावरही तेच येणार होतं, कामगाराचा हलगर्जीपणा. मुख्तार गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. खरं सांगायचं तर तासभर तो गप्पच बसला, आणि त्याची त्यालाच शिसारी आली.

“मनीच चूक व्हयनी, भाऊ,” कोकिळा पुटपुटली. “मी आत देखंच नहीं.”

“तुमची नाही, ताई. पूजेच्या वेळी मी बटणाला तार बांधली. सोडायची विसरलो.”

ती शिव्या देईल म्हणून तो थांबला. त्याला त्या हव्याच होत्या.

“ती तार आते काढेल शे ना?” तिने विचारलं.

मुख्तारने ती काढली नव्हती. सकाळपासून तो इथंच होता. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. दुसरी पाळी चारला सुरू होते, आणि त्या पाळीला त्याच मशीनवर मंजुळाबाई असते. तिला काम कोकिळानेच शिकवलं होतं, न बघता हात घालायच्या सवयीसकट.

त्याने कारखान्यात फोन लावला. रिंग वाजत राहिली. मशीनी सुरू असल्या की तिथे फोन कुणालाच ऐकू येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी फोन कानाला लावूनच तो जिन्याकडे धावला.