घराच्या कानाआड

किंमत करणारा साहेब यायचा म्हणून हरणाबाईनं तांबडं फुटायच्या आतच अंगण झाडून सडा टाकला. उंबरा पुसला, दारात ठिपक्यांची रांगोळी काढली आणि पोह्यांसाठी कांदा चिरून ठेवला. तेवढ्यात पुण्याहून शिवशंकरचा व्हिडिओ कॉल आला. पोराची नजर आईच्या तोंडाऐवजी मागच्या रांगोळीवरच गेली.

"आई, ही कशाला काढलीस? पाहुणा येत न्हाय आपल्याकडं, व्हॅल्युएशनवाला येतोय. घर जितकं नीटनेटकं दिसंल तितकं आपल्यालाच जास्त भरावं लागंल."

"म्हणून काय दारात केर ठिवू?"

"तसं न्हाय गं..."

"मग कसं?"

शिवशंकरनं कपाळाला हात लावला.

गोष्ट अशी होती. उमरग्यातल्या या कॉलनीत घर घेताना पाचवा हिस्सा सरकारनं घातला होता. त्याला व्याज नव्हतं, हप्ता नव्हता. पण ज्या दिवशी तो हिस्सा सोडवायचा, त्या दिवशी घराची जी किंमत निघेल तिचा पाचवा भाग सरकारला द्यायचा. तोवर सरकार घरात भागीदार, आणि भागीदाराला विचारल्याशिवाय जागेत एक वीट वाढवायची नाही. घराची किंमत कमी निघावी, अशी प्रार्थना करायची पाळी माणसावर क्वचितच येते. हरणाबाईवर ती आली होती.

आणि हे सगळं कशासाठी, तर घराच्या उगवतीला पडलेल्या मोकळ्या जागेसाठी. हरणाबाईचे मालक बिरदेव जनावरांच्या दवाखान्यात शिपाई होते. बाप मेंढरांमागं हिंडलेला, स्वतः शाळेत चार बुकं शिकलेले, पण कीर्तन म्हटलं की माणूस वेडा व्हायचा. दिवसभर दवाखान्यात गाईम्हशी धरायच्या आणि सांजेला हरणाबाईला लुनावर मागं बसवून जिथं सप्ताह असेल तिथं जायचं. कधी जवळच्या वाडीत, कधी लोहाऱ्याकडं. परतताना रस्ताभर बुवांचं निरूपण पुन्हा सांगायचे आणि एका दृष्टांताचं शेपूट दुसऱ्याला जोडायचे. "अवो, ती गाय कालच्या कीर्तनातली," हरणाबाई मागून म्हणायची. "गाय ती गायच, देवाला सगळ्या सारख्या," असं म्हणून मालक पुढं सांगत राहायचे.

कॉलनीत देऊळ नव्हतं. बिरदेवांच्या मनात होतं, त्या मोकळ्या जागेत एक दगडी चौथरा बांधायचा आणि वर्षातून एकदा तरी आपल्या दारात कीर्तन उभं करायचं. "देव म्हणं कीर्तनात नाचतो," ते म्हणायचे. "सगळीकडं नाचतो, तर एक डाव आपल्या दारात नाचू दे की, पाय दुखंपर्यंत." त्यांनी अर्ज केला तेव्हा उत्तर आलं, आधी सरकारी हिस्सा सोडवा. मग त्यांनी पैसे साठवायला घेतले, आणि साठता साठता स्वतःच गेले. ठेव बँकेत राहिली. हरणाबाईनं तिला हात लावला नाही. शिवशंकरनं हिशोब मांडला होता. किंमत बेतानं निघाली तर हिस्साही सुटेल आणि उरलेल्यात चौथराही होईल. जास्त निघाली तर नुसता हिस्सा सुटेल.

"म्हणून सांगतो," शिवशंकर फोनवर समजावत होता, "सैपाकघरातली स्लॅब गळती ते सांग. मोरीची भिंत ओल धरती ते सांग. खिडकीखालची भेग दाखव. साहेब आपणहून हुडकत बसंल न बसंल."

"घरात उभं राहून घराला नावं ठिवू?"

"मग काय रस्त्यात उभं राहून ठिवणार हायस?"

हरणाबाईनं पोह्याचं निमित्त करून फोन ठेवला.

माणसानं घरात वंगाळ बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि दोन दिवसांनी तोही विसरतो. हरणाबाई विसरू शकत नव्हती. तिचं माहेर सास्तूरचं. दगडमातीचं माळवदाचं घर, भिंती हातभर रुंद. दर पावसाळ्यात माळवद गळायचं, मग तिचे वडील वर चढून माती दाबायचे आणि वैतागून म्हणायचे, "पड बाई एकदाची, म्हंजे मी सुटलो." सगळे हसायचे. आई म्हणायची, "असं बोलू नये." ज्या वर्षी गणपती बुडवून लोक निजले आणि पहाटे जमीन हलली, त्या वर्षी ते घर पडलं. वडील, आई आणि धाकटा भाऊ, तिघंही आत होते. हरणाबाई तेव्हा सासरी होती, म्हणून राहिली.

पुढं एकदा कीर्तनात बुवा म्हणाले होते की देव असले शब्द मनात धरत नाही, तो माउली आहे, लेकराच्या बडबडीचा हिशोब आई ठेवत नसते. हरणाबाईला ते पटलं. डोळ्यांतून पाणीही आलं. पण घरी येऊन पाऊस लागला आणि "गळतंय" म्हणायची वेळ आली, तर जीभ वळेना. तिनं मुकाट्यानं पातेलं नेऊन थेंबाखाली ठेवलं. तेव्हापासून या घरात काही बिघडलं तर ती बोटानं दाखवायची आणि बिरदेव समजायचे.

साहेब दहाच्या सुमाराला मोटारसायकलवर आला. विरेश नाव, सोलापूरचा, पस्तिशीच्या आतबाहेरचा, मानेला घाम आणि खांद्याला पिशवी. नमस्कार करून त्यानं चपला बाहेर काढल्या. तेवढ्यावरच हरणाबाईचा निम्मा धीर खचला. तो उर्मट असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

शेजारची इरम्मा आली नसती तर नवलच. अनोळखी माणसापुढं शेजारणीच्या घराची वाखाणणी करायची हा तिचा धर्म होता, आणि किमतीची भानगड तिला कुणी सांगितली नव्हती.

"बघा साहेब, सावकाश बघा," ती दारातूनच सुरू झाली. "असलं घर अख्ख्या कॉलनीत न्हाय. पाया तर असला की हत्ती बांधा."

"हत्ती कशाला बांधतील?" विरेश टेप उलगडत म्हणाला.

"बांधला तर, म्हणते मी. आणि हवा किती. उन्हाळ्यात पंखा लागत न्हाय यव्वा हिला."

हरणाबाईनं तिच्या दंडाला बारीक चिमटा काढला. इरम्माला वाटलं, कौतुक कमी पडलं. मग तिनं पाण्याचं सांगितलं, शेजाराचं सांगितलं, रस्ता किती जवळ तेही सांगितलं. शेवटी हरणाबाईनं तिला पोहे परतायला आत पिटाळलं.

विरेशनं खोल्या मोजल्या, फोटो काढले. मग विचारलं, "मावशी, काही तक्रार? गळती, ओल, भेगा?"

घर गप्प होतं. भिंती गप्प होत्या. हरणाबाईला वाटलं, सगळं कान देऊन ऐकतंय.

"बरं हाय," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"देवाच्या दयेनं बरं हाय."

विरेशनं मान हलवली, पोहे खाल्ले, चहा घेतला आणि निघाला. त्यानं किक मारली तेव्हा हरणाबाईच्या डोळ्यांपुढं ती मोकळी जागा आली. वाळलेलं गवत, एका कडेला इरम्माची कोंबडी. पदर खोचून ती अनवाणीच धावली आणि त्याला हायवेकडच्या वळणावर, टायर पंक्चरच्या दुकानापाशी हवा भरत असताना गाठलं.

"साहेब, थांबा. सांगायचं हाय."

"मग घरात का नाही सांगितलं?"

हरणाबाईनं मागं वळून पाहिलं. इथून घर दिसत नव्हतं. एक ट्रक धडधडत गेला, त्याच्या आवाजाची तिला आडच झाली.

"घर ऐकतंय म्हणून," ती म्हणाली. आणि मग एका दमात सांगून मोकळी झाली. सैपाकघर, मोरी, मागच्या दाराची चौकट. आईनं आपल्याच लेकीचे दोष सोयरिकीत सांगावे तसं, खाली मान घालून.

विरेश हसला नाही. "माझी आई पण घरात 'तेल संपलं' म्हणत नाही," तो म्हणाला. "'वाढलं' म्हणते. पण मावशी, ऐकून लिहिता येत नाही मला. डोळ्यांनी बघावं लागतं. परत यावं लागेल."

"चला. पर तिथं बोलायचं न्हाय. मी बोट दाखवते, तुम्ही बघा."

"चालेल."

आणि मग त्या घरात एक मुकी वरात निघाली. पुढं हरणाबाई, तोंडावर बोट ठेवून. मागं विरेश, पाय न वाजवता. तिनं स्लॅबकडं बोट केलं, त्यानं स्टुलावर चढून हात फिरवला आणि नुसती मान हलवली. तिनं मोरीची भिंत दाखवली, त्यानं नखानं पोपडा काढला. सैपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी राहिलेली इरम्मा डोळे मोठे करून बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला बोलायला काही सापडलं नाही.

मागच्या चौकटीजवळ एक आडवी भेग होती. ती पाहून विरेश हरणाबाईच्या कानाशी वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ही साधी आहे. पण भिंतीतून आरपार खाली गेलेली असली एखादी, तर किंमत बरीच उतरते. फक्त तसं रिपोर्टात आलं की ती फोडून नव्यानं भरावीच लागते. त्याशिवाय हिस्सा सुटल्याचा दाखला देत नाहीत."

आता एकच राहिली होती. बाहेरच्या खोलीत, मावळतीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून जमिनीपर्यंत उतरलेली. हरणाबाई तिथवर गेली. हात उचलला, बोट सरळ केलं.

ती भेग बिरदेवांनी भरली होती. शेवटच्या वर्षी, अंगात ताप असताना. गवंड्याला बोलावू म्हटलं तर ऐकलं नाही. थापी नव्हती, मग हातानंच सिमेंट दाबलं. चार बोटांचे चार ओघळ वरपासून खालपर्यंत तसेच वाळले होते, पुढं त्यावर चुना बसला तरी बुजले नव्हते. मालक गेल्यावर घरातले कपडे वाटून झाले, लुना विकली, टाळ गावातल्या देवळात दिले. फोटो होता, पण फोटोला हात लावला तर काच लागते. सांजेला दिवा लावला की हरणाबाई इथं बसायची आणि त्या चार ओघळांत आपली चार बोटं घालायची. ती थोडी सैल बसायची. मालकांचा हात मोठा होता.

बोट तसंच हवेत राहिलं. मग तिनं ते खाली घेतलं, वळली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

विरेश वाट बघत होता. खुणेनंच त्यानं विचारलं, एवढंच?

तिनं मान हलवली. एवढंच.

"दमलात मावशी. बसा जरा," तो नियम विसरून मोठ्यानं म्हणाला. मग स्वतःच जीभ चावली.

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. गळती आणि ओलीचे पैसे वजा झाले होते, पण किंमत हवी तितकी उतरली नव्हती. ठेव मोडली आणि सरकारचा हिस्सा सुटला. चौथऱ्याला काही उरलं नाही.

"असं कसं झालं?" शिवशंकर फोनवर म्हणाला. "खिडकीखालची भेग दाखवलीस ना? तिच्यानं लई फरक पडला असता."

"इसरले."

"आई, ती तर दारातून दिसती."

हरणाबाईनं भिंतीवरच्या ओघळांवर हात ठेवला. मग त्यानं विचारलं, "बाबांनी भरलेली ती?"

"व्हय."

"बरं," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "बरं. चौथऱ्याचं पुढच्या साली बघू. मी बी घालीन थोडं."

पुढच्या साली. मालकही असंच म्हणायचे. फोन ठेवून हरणाबाई बाहेर आली. एकादशी होती, उपास होता. उन्हं उतरली होती आणि हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता. या जागेत आता वीट ठेवायला कुणाची परवानगी नको होती, आणि ठेवायला वीट नव्हती. तिनं कोपऱ्यातलं गवत उपटलं, खडे वेचले, केरसुणी फिरवली. मग एका बाजूला, बायका जिथं बसल्या असत्या तिथं पोतं अंथरून बसली. हात मांडीवर, नजर समोर. मालक कीर्तनात बायकांकडं कधी बघायचे नाहीत, पण गजर सुरू झाला की त्यांचा टाळ कुठला ते तिला न बघता ओळखू यायचं. बाकीच्यांपेक्षा किंचित घाईचा.

कुंपणापलीकडून इरम्मानं पाहिलं आणि ती आलीच.

"काय गं, एकटीच बसलीस? पुढं बघत?"

"बस की."

इरम्मा गुडघ्यावर हात देत समोरच मोकळ्या जागेत फतकल मारून बसली. म्हणाली, "काम झालं म्हणं तुझं. मग कीर्तन कधी?"

"अजून कशात काय न्हाय."

"पैसं?"

"संपलं," हरणाबाई म्हणाली. उघड्यावर होती, म्हणून म्हणता आलं. मग जरा सरकून तिनं पोत्यावर शेजारी जागा केली. "तिथं नको बसू, इरम्मा. तिथं बुवा उभं ऱ्हाणार. हिकडं ये."

"आता कुठं हाईत बुवा?" इरम्मा पुटपुटली, पण उठली आणि तिच्याशेजारी येऊन बसली.