पुलावरची आणखी एक फेरी

मी एक जुना मुखवटा आहे. नाटकातला नव्हे, मित्रांनो. लढाऊ विमान चालवणाऱ्याच्या नाकातोंडावर बसणारा, हिरव्या रबराचा. माझ्या लांब नळीतून वैमानिकाला प्राणवायू मिळायचा आणि माझ्या पोटातल्या यंत्रात तो बोलायचा. त्याच्या कानात काय येतं ते आधी डोक्यावरच्या कातडी टोपीला कळे. पण ती माझी शेजारीण, मला सगळं सांगायची.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. १९४४ साली बोटीनं हिंदुस्थानात आलो आणि गोरक्षच्या हाती पडलो. तो मिरजगावच्या शेतकऱ्याचा मुलगा, नगरला शिकलेला. पहिल्याच सुट्टीत त्यानं मला घरी नेलं. त्याची आई राहीबाई मला लांबूनच बघत म्हणाली, "ह्ये सोंडंचं काय सोंग हाय रं? ह्यात जीव गुदमरत न्हाई व्हय तुजा?"

"न्हाई गं आये, ह्याच्यामुळंच तर वर जीव ऱ्हातो," गोरक्ष हसून म्हणाला. ते ऐकून मी किती फुगलो म्हणून सांगू!

ब्रह्मदेशाच्या जंगलांवर आम्ही लढलो. तिथं त्याला राधाकृष्ण भेटला. श्रीरामपूरचा, रेल्वेतल्या कारकुनाचा मुलगा. वडील गेलेले, घरी एकटी आई. हवेत दोघं चक्क मराठीत बोलत. त्यांचा इंग्रज साहेब चिडे, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारी, "काल तुम्ही काय म्हणत होता?"

मग देश स्वतंत्र झाला आणि काश्मीरची लढाई सुरू झाली. आता विमान नवं होतं, पण गोरक्षनं मला बदललं नाही. राधाकृष्णही त्याच्याच तुकडीत होता. डोंगरांमधल्या एका नदीवर एक पूल होता. त्यावरून शत्रूचे ट्रक दारूगोळा घेऊन येत. पूल पाडायची परवानगी तळावरून दिल्लीला मागितली गेली. उत्तर आलं नाही. पुन्हा मागितली. "विचार चालू आहे," एवढंच आलं. गोरक्षला वाटलं, आपण पुरावा देण्यात कमी पडतोय. म्हणून ते दोघं रोज पुलावरून खाली उडत आणि विमानातल्या कॅमेऱ्यानं फोटो काढत. चार महिने असंच चाललं.

एका सकाळी फोटो घेऊन राधाकृष्ण वर आला. गोरक्ष माझ्यात बोलला, "राधा, ढग आडवा आला होता. आणखी एक फेरी मार. ट्रक नीट दिसू देत, म्हणजे दिल्लीला पटेल."

"मारतो. पण संध्याकाळी चहा तुझ्याकडं."

तो पुन्हा खाली गेला. पुलाजवळच्या झाडीतून तोफ कडाडली. टोपीच्या कानात त्याचा आवाज आला, अगदी शांत. "गोरख, इंजिन गेलं. तोफ डाव्या हाताला आहे, अक्रोडाखाली. तू खाली येऊ नकोस." पुढं काहीच आलं नाही. गोरक्ष त्याला हाका मारत राहिला. त्याच्या श्वासानं माझं रबर आतून ओलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कामगिरीसाठी दिलेले बॉम्ब घेऊन तो पुलावर आला. अंगठा बटणावर होता. खाली ट्रक होते आणि ट्रकांच्या मागं एक गावकरी, त्याची बायको, चार शेळ्या. तळावरून हुकूम आला, "पुलाला परवानगी नाही. परत फिरा." त्यानं तीन घिरट्या घातल्या. मग म्हणाला, "फिरतो."

१९४९ च्या पहिल्या दिवशी लढाई थांबली. माझं रबर तडकलं होतं. निकामी ठरवून मला टाकून दिलं. गोरक्षनं मला मागून घेतलं आणि पिशवीत घालून तो श्रीरामपूरला गेला. तिथं राधाकृष्णाच्या स्मरणार्थ सभा होती. दिल्लीत मोठ्या जागेवर असलेले एक पुढारी आले होते. भाषण झाल्यावर ते राधाकृष्णाच्या आईला, दमयंतीबाईंना भेटायला घरी आले. गोरक्षही तिथंच बसला होता.

त्यानं विचारलं, "साहेब, त्या पुलाचं काय झालं होतं?"

पुढारी म्हणाले, "त्यावरून गावकरी जात होते. शिवाय बोलणी चालू होती. पूल पाडायचा नाही, हे तुमची मागणी आली त्या पहिल्याच महिन्यात आमचं ठरलं होतं."

"पहिल्या महिन्यात?" गोरक्षनं विचारलं. "गावकरी मीही बघितलेत साहेब. नाही म्हणालात याचा राग नाही. पण आम्हाला कळवलं असतं, तर आम्ही तिथं खाली उडायचंच थांबवलं असतं." मग तो दमयंतीबाईंकडं वळला. "काकू, त्या दिवशी आणखी एक फेरी मार, असं मीच त्याला म्हणालो होतो."

दमयंतीबाईंनी पुढाऱ्यांना विचारलं, "दोन ओळी लिहायला काय लागलं असतं हो?"

त्यांनी मान खाली घातली. "चुकलं आमचं. ते काम कुणाचं, तेच कुणी ठरवलं नव्हतं."

ते गेल्यावर गोरक्षही उठला. दमयंतीबाईंनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "तू कुठं निघालास? पान वाढते. त्याच्याबद्दल मला सगळं सांग. पहिल्यापासून."

आता गोरक्ष नव्या वैमानिकांच्या तुकडीचा प्रमुख आहे. विमानं उडण्याआधी कुठं जायचं, का जायचं आणि कुठं का जायचं नाही, ते तो प्रत्येकाला सांगतो. मी मिरजगावात खुंटीवर असतो. गल्लीतली पोरं मला लावून गणपती होतात, राहीबाई त्यांच्यावर ओरडते.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. रबर आज ना उद्या तुटणारच. पण तुमच्या शब्दावर कुणी जीव धोक्यात घालून उभं असेल, तर त्याला ताटकळत ठेवू नका. उत्तर 'नाही' असलं, तरी ते वेळेत सांगा.