राइट, बरं का

या, जवळ सरकून बसा. दोन्ही कान बरोबर आणले असतील, तर एका कानाची गोष्ट ऐकवायची आहे.

एक टंकमावशी होती. बावीस वर्षं कोर्टात टाइपरायटर बडवला. यंत्र मोडीत निघालं, तशी मावशीही. मग देशादेशांनी करार केले. पूर्वी सीमा ओलांडायच्या त्या गोणी आणि पेट्या. आता माणूस घरीच ठेवून त्याचं काम तेवढं समुद्रापार जाऊ लागलं. परदेशी डॉक्टर रुग्णाची हकिगत बोलून ठेवत आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत, सतरा नंबरच्या खुर्चीत, मावशी हेडफोन लावून ती टाइप करी.

सगळ्या कचेरीची महिनाभराची परीक्षा होती. चूक असो वा कोरी जागा, तीन झाल्या की काम दुसऱ्या देशाला. दोन होऊन गेल्या होत्या. शेवटच्या दिवशी मावशीच्या कानात डॉक्टर म्हणाला, "राइट किडनी उद्या काढायची." मावशीचा हात थबकला. कोणत्या बाजूची, हे मागेपुढे कुठेच नव्हतं. तिनं तिथं जागा कोरी सोडली आणि बाजू विचारणारी चिठ्ठी धाडली.

साहेब तणतणत आले. स्वच्छ ऐकू येतंय, उजवी लिहा, एकोणीस जणांच्या चुली आहेत, म्हणाले.

"साहेब, हा बाबा प्रत्येक वाक्याआधी राइट म्हणतो. राइट, ताप नाही. राइट, भूक आहे," मावशी शांतपणे म्हणाली. "गाऊन कथा सांगणारे आमचे बुवा नाही का दर ओवीला 'बरं का' म्हणत? तो शब्द नसतो हो, श्वास असतो. नोकरी गेली तर दुसरी बघू. त्या माणसाची चांगली किडनी गेली, तर दुसरी कुठून आणायची?"

साहेब फोनशेजारी जाऊन बसले. जेवणाचे डबे तसेच राहिले.

दुपारी फोन वाजला. खुद्द डॉक्टर. साहेबांनी आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"राइट," डॉक्टर म्हणाला, "लेफ्ट."

अख्खी खोली हसून लोळली. मावशीनं मात्र डोळे मिटून वर हात जोडले.

ती कोरी जागा चुकीत धरलीच नाही. काम पक्कं झालं, तीन वर्षांसाठी. आणि डॉक्टरची एकच अट: माझा आवाज सतरा नंबरच्याच कानात घाला.

त्या डॉक्टरच्या प्रत्येक अहवालाखाली आजही त्याची ऐसपैस सही असते, आणि कोपऱ्यात बारीक '१७'. तुमच्या हाती कधी असा कागद आला, तर सही वाचा, बरं का; पण त्या कोपऱ्यातल्या मावशीचीही आठवण ठेवा.