बोर्डात दुमडून ठेवलेली हिरवी वायर

मी हिरवी वायर बोलतेय, अर्थिंगची. सॉकेटला वर जे मोठं भोक असतं ना, त्याच्या मागे माझी जागा. लाल आणि काळी दिवसभर राबतात, मी आपली बसून असते. पण कधी मशीनच्या पत्र्यात करंट उतरलाच, तर त्याला जमिनीची वाट दाखवणारी मीच.

या घरात मला मामांनी आणलं. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. नोकरी छापखान्यात, पण सुट्टीला नात्यातल्या घरांत वायरिंग करत फिरायचे. परवाना नव्हता, हात मात्र देखणा. बोर्ड कधी तिरका बसायचा नाही. माझं काय करायचं तेवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. "हिच्यावाचून काही अडत नाही," म्हणत त्यांनी मला दुमडून आत कोंबलं. वॉशिंग मशीन सुरू झालं, सगळ्यांनी वाहवा केली. मी आतल्या आत चरफडत राहिले.

बरीच वर्षं सुखात गेली. मग एका सकाळी मशीनमधून कपडे काढता काढता सून म्हणाली, "आई, मशीनला हात लावला की मुंग्या येतात."

"मागे हो आधी," म्हणत सासूबाईंनी मेन स्विच बंद केला आणि मामांना फोन लावला.

"ताई, तिला रबरी चपला घालायला सांग. रविवारी येऊन बघतो."

"तू आजच ये. पण हात परवानावाला लावेल. माझी सून मला चपलांच्या भरवशावर सोडायची नाही."

लाडक्या भावाला असं सुनावणं सोपं नव्हतं. फोन ठेवून त्यांनी लगेच परवाना असलेल्या वायरमनला बोलावलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

वायरमनने मला बाहेर ओढलं. मामा शेजारीच उभे होते.

"मशीनच्या आतली वायर सोलवटलीय, आणि ही जोडलेलीच नाही. ओल्या फरशीवर या ताई अनवाणी उभ्या असत्या, तर जिवावर बेतलं असतं."

मला वाटलं, मामा आता हुज्जत घालणार. ते सुनेकडे वळले. "पोरी, चुकलं माझं." मग वायरमनला विचारलं, "आणखी काही घरांत येता माझ्याबरोबर? सगळीकडे असंच केलंय मी." ज्या घरांत आजवर कौतुक झालं, तिथेच जाऊन हे सांगायचं म्हणजे छाती लागते.

आता मी माझ्या जागी घट्ट बसलेय. तुमच्या घरातली माझी बहीण जोडलेली आहे ना, तेवढं जाणत्या माणसाकडून बघून घ्या. माझा बोर्ड बंद होत होता, तेव्हा मामा कुणाला तरी फोनवर सांगत होते, "मेन बंद करा. मी येईपर्यंत कशाला हात लावू नका."

पलीकडून विचारलं असावं, का म्हणून.

"कारण ते काम मी केलंय."