परक्या आवाजातला कोलमन

सिनेमावाल्यांनी कोलमन गेराटीच्या तोंडात दुसऱ्याचा आवाज घातला, आणि त्याला ते कळलं भरलेल्या थिएटरात, आईच्या शेजारी बसलेला असताना. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

डब्लिनच्या एकाच नाटक कंपनीत आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं काढली. तो आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या, मेयोच्या किनाऱ्यावरचा, कोळ्याचा पोर. रंगमंचावर तो बोलायला लागला की शेवटच्या रांगेतलं खोकणंसुद्धा थांबायचं. सिनेमावाल्यांनी मात्र त्याला कायम दारुडा, घोडेचोर नाहीतर वेंधळा पोलीस केलं. "आता मला झोपेतही लडखडता येतं," तो म्हणायचा, पण हसायचा नाही.

मग लंडनहून प्रेंटिस नावाचा निर्माता आला आणि कोलमनला पहिल्यांदा खरी भूमिका मिळाली. समुद्रात मुलगे गमावलेला बाप वाळूत उभा राहून समुद्राला शिव्याशाप देतो, असा मोठा प्रसंग होता. शेजारणीचं छोटं काम माझ्याकडे होतं, म्हणून त्या दिवशी मी तिथेच होते. कॅमेरावाला डोळे पुसत होता. प्रेंटिसने तर कोलमनला मिठीच मारली.

पहिल्या खेळाला कोलमनने आईला बोलावलं. त्याच्या आईची, अट्रॅक्टाबाईंची, नजर जवळजवळ गेलेली. "दिसायचं नाही, पण ऐकू तर येईल," म्हणत त्या एकट्या आगगाडीने आल्या आणि आमच्या दोघांच्या मधे, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या.

पडद्यावर कोलमन आला. त्याने तोंड उघडलं, आणि बाहेर पडला तो लंडनच्या कुणा नटाचा गुळगुळीत आवाज. आमच्या बोलीची नक्कल करणारा, विनोद सांगताना करतात तशी.

बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग माझा हात दाबून म्हणाल्या, "अगं, आमचा कोलमन कधी येणार?"

कोलमननेच सांगितलं, "आई, तो मीच आहे."

"हा? मग हा मेला कोण बोलतोय?"

समुद्राचा प्रसंग सुरू झाला तसा कोलमन उभा राहिला आणि पडद्यावरच्या आवाजावर आवाज चढवून तेच शब्द बोलू लागला.

"ए, खाली बस!"

"प्यायलाय वाटतं!"

"बोलू द्या रे त्याला! त्याचंच काम आहे ते!" वरच्या सज्जातून कुणीतरी ओरडलं.

शेवटच्या शब्दापर्यंत तो बोलला. मग आईचा दंड धरून तिला बाहेर घेऊन आला. बाहेर प्रेंटिस पाहुण्यांसोबत वाइन पीत उभा होता.

"माझा आवाज कुठंय?" कोलमनने विचारलं.

"अरे, सिनेमा अमेरिकेत चालायला नको? तुझी बोली तिथे कुणाला कळणार?"

"मिठी मारलीस तेव्हा तुला कळत होती ना?"

"कोलमन, चेहरा तुझाच आहे. शहाण्यासारखा वाग. पुढच्या सिनेमातही तुझ्यासाठी काम काढलंय. गावातला एक गमतीदार बेवडा—"

कोलमनने त्याची गचांडी धरली. खरं सांगते, मी मनात म्हणत होते, हाण!

"सोड त्याला," बाई म्हणाल्या. मग आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "साहेब, माझा नवरा त्याच समुद्रात गेला. माझा पोरगा त्या समुद्राला काय म्हणाला, ते ऐकायला आले होते मी."

प्रेंटिसने कॉलर सारखी केली. "बाईंसाठी गाडी मागवू का?"

सिनेमाला बक्षीस मिळालं. अभिनयाचं, आणि तेही कोलमनच्या नावाने. तो घ्यायला गेला नाही. सिनेमावाल्यांनी त्याला पुन्हा काम दिलं नाही. नाटकं तो करत राहिला, पण तो राग गेला नाही आणि आमच्यावरही निघायचा. एकदा तालमीत माझ्या अंगावर खुर्ची भिरकावली त्याने. मी ती परत भिरकावली.

गेल्या आठवड्यात तो गेला. वर्तमानपत्राने मोठा लेख छापला. त्या सिनेमाचं भरभरून कौतुक, आणि वर मथळा: 'अविस्मरणीय आवाज हरपला'.

मी कचेरीत फोन लावला. "तो आवाज त्याचा नव्हता," म्हटलं.

"बाई, तो सिनेमा आम्ही सगळ्यांनी पाहिलाय हो," पलीकडचा पोरगा समजूत घालत म्हणाला.

मी फोन आपटला. मग पुन्हा उचलला, लावला आणि सरळ संपादकालाच फोनवर बोलवायला सांगितलं.